आचल घरीच आहे

वलगावात आमच्या गल्लीत मैनाबाईचा, म्हणजे माझा, शब्द चालतो. दुसरीतच शाळा सुटली माझी, तरी झेंडूचा भाव मी बोलते आणि अमरावतीचा दलाल गुमान ऐकतो. आणि माझ्याच घरात माझ्या सुनेनं, वर्षालीनं, मला न विचारता नातीची, आचलची, शाळा बंद केली. म्हणे घरीच शिकवते.

कारण ऐकून मी आधी हसलेच होते. शाळेतल्या पोरींच्या संडासाला कुलूप. किल्ली हेडमास्तरच्या कपाटात, ती निघणार साहेब लोक तपासणीला आले की. म्हणून आचल सकाळपासून पाणीच पीत नव्हती. लघवीला जळजळ, ताप, औषध, पुन्हा तेच. डॉक्टरनं माझ्या पोराला, योगेशला, चांगलं झापलं. योगेश शाळेत भांडून आला तेव्हा कुलूप निघालं, मग नळ तुटला म्हणून परत लागलं. शहरातली शाळा पाहिली, तिथंही मधल्या सुट्टीशिवाय जाऊ देत नाहीत. तेव्हा वर्षाली म्हणाली, बीएस्सी काय चुलीत घालायला केली का मी?

तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नाही. शाळेची वेळ झाली की मी ओसरीतून अंगणात, अंगणातून ओसरीत. बाया येता-जाता विचारणार, पोरगी नापास झाली का, तिला काही झालं का. मी सांगून टाकलं, अमरावतीच्या कॉन्व्हेंटात घातली, सकाळीच व्हॅन घेऊन जाते. मग दिवसा कोणी आलं की आचलला मागच्या खोलीत बसवायचं आणि दार ओढून घ्यायचं. वर्षालीनं विचारलं, चोरी केली का तिनं? मी म्हटलं, गल्लीत नाक माझं आहे, तुझं नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

परवा तेल्हाऱ्याहून माझी नणंद आली, सुभद्राबाई. ही बाई एकदा बसली की उठत नाही. चहा झाला, जेवण झालं, सुपारी झाली. तिची नात अकोल्याच्या मोठ्या शाळेत, इंग्रजी कशी फाडफाड बोलते, हे ऐकून मीही आचलच्या कॉन्व्हेंटच्या थापा ठोकल्या, बूट-टायसकट. पण कान मागच्या खोलीकडे. आतून हूं नाही की चूं नाही. आमचा संडास अंगणाच्या टोकाला. जायचं तर ओसरीतून, सुभद्राबाईच्या समोरून. वर्षाली उठायला लागली की मी डोळ्यांनीच तिला खाली बसवत होते.

शेवटी मलाच राहवेना. पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले. पोरगी पाय आवळून गणितं करत होती. तांब्या पुढं केला तर मागं सरकली.

"कावून वं? पे ना."

ती हळूच म्हणाली, "आत्याआजी गेली नाही ना अजून."

सकाळपासून प्यायली नाहीस का, असं विचारलं तर तिनं नाही म्हणून मान हलवली. रडली नाही, तक्रार नाही. शाळेत शिकली तीच रीत घरात पाळून राहिली होती. त्या हेडमास्तरला मी किती शिव्या घातल्या असतील. इथं तर कुलूपही नव्हतं. दारासमोर मीच बसले होते.

तिचा हात धरला आणि ओसरीतून अंगणात नेली. सुभद्राबाईची सुपारी गालातच राहिली.

"वैनी, पोरगी तं घरीच हाय."

"शाळा सोडली तिनं. वर्षाली शिकवते."

"आन थे व्हॅन?"

"व्हॅन-बिन काही नाही. खोटं बोलून राहिली होती मी."

मग कुलपाचं, तापाचं सगळं सांगितलं. तिनं तोंड वाकडं केलं. एवढ्यासाठी कोणी शाळा सोडते का, आमीबी तं दिवसभर दाबूनच बसत होतो, म्हणाली.

"तुमची अकोल्याची नात शाळेत पाणी पेते का?" मी म्हटलं. "तिले इचारलं का कधी?"

मोठी शाळा आहे ती, एवढंच पुटपुटली आणि पिशवी आवरायला लागली. घरी पोचायच्या आत फोनवर सगळ्या नातेवाइकांत बोभाटा करणार, हे मला ठाऊक होतं.

आचल परत आली आणि ओसरीत थबकली. मागच्या खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इथंच बस," मी म्हटलं. "वही आण इकडं."

ती बसली, तिच्याशेजारी मीही. गटागटा पाणी प्यायली. तेवढ्यात शेजारची शकुन फाटक ढकलून आत येताना दिसली. माझे पाय आपोआप उठायला लागले. मी मांडी घट्ट घालून बसून राहिले.