कागदी शंख

माघातली सकाळ. आकाशाचे निळे समुद्राच्या निळ्यात उतरलेले, क्षितिज कुठे हरवले ते समुद्रालाही ठाऊक नाही. ओल्या वाळूवर कोवळे, केशरी ऊन. आणि रापणीचे लांबलचक जाळे अवघ्या गावाच्या हातांनी हळूहळू किनाऱ्याकडे येत होते.

जाळ्याच्या पोटात मासळीची रुपेरी तडफड, आणि त्या तडफडीत एक शुभ्र, तलम, वळीवळींचा शंख. गाव त्याला कागदी शंख म्हणते, कारण उन्हात धरला की पलीकडची बोटे दिसतात. आतला आठ हातांचा जीव म्हणे भाडेकरू, ओढला की सुटतो. आणि मोकळा शंख पाळण्याला बांधला की बाळ जगते, अशी गावाची भाबडी श्रद्धा.

द्वारकाबाईंनी या शंखाची किती वाट पाहिली होती! सून शेवंतीचे पहिले मूल पाळण्यापर्यंत पोचलेच नाही. आता पुन्हा दिवस भरत आले होते. म्हातारीने शंख बादलीतल्या समुद्रात सोडला आणि जीव खेचायला बोटे पुढे केली.

"जरा रवा, आये," शेवंतीने हात धरला.

त्या गुलाबी, चंदेरी, मऊमऊ जिवाने दोन रुंद हात पसरून शंख बाहेरून कवटाळला होता. आत, वळणाच्या कुशीत, साबुदाण्याहून बारीक अंड्यांचे घोस थरथरत होते.

"भाडेकरू न्हय, ह्या अंड्यांची आवस आसा ती. घर तिनाच बांधल्यान, पोरांसाठी."

"आणि तुझ्या पोराचा काय गो?" द्वारकाबाईंचा आवाज फुटला. "तुझ्या घोवाच्या पाळण्याक मी असोच बांधललंय, म्हणान तो जगलो. माका परत रिकामो पाळणो बघूचो नाय."

भीतीने शेवंतीचे ओठ पांढरे पडले. तरी ती म्हणाली, "दुसरीची कूस रिकामी करून माझी भरूची नाय, आये."

म्हातारीला आठवला तो जुना शंख, लेकाच्या पाळण्याचा. त्याच्या आत चिकटलेला बुळबुळीत, दाणेदार गाळ तिने अंगठ्याने घासून घासून धुतला होता. गाळ कसला! लेकरेच ती.

बादली उचलून म्हातारी कमरभर पाण्यात गेली. शुभ्र ठिपका लाटेवर डोलला, निळ्यात उतरला, निळा झाला.

ती परतली. शेवंतीने तिचा ओला, खारट हात आपल्या पोटावर ठेवला. आत बाळ हळूच हलले. आणि म्हातारीचा तो अंगठा, भीत भीत, तिथेच राहिला.