माणूसघाणे साहेब

शब्दकोशाच्या कचेरीत मुख्य संपादकांना सगळे 'माणूसघाणे' म्हणत, अर्थात पाठीमागे. कुणाच्या वाढदिवसाचा केक टेबलावर आला तरी साहेबांची मान काही वर होत नसे.

ती तिथे सहायक म्हणून लागली तेव्हा काम इंग्रजी 'ए'वर होतं. पहिल्याच आठवड्यात 'अँथ्रोपॉलॉजी'पाशी तिची गाडी अडली. भीतभीत ती साहेबांकडे गेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अँथ्रोपॉस म्हणजे माणूस. ग्रीकांचा. याला ओळखून ठेवा बाई, पुढे भेटत राहील."

भेटला, पण पाच वर्षांनी, 'एम'मध्ये. 'मिसँथ्रोप'ची चिठ्ठी नेमकी तिच्याच वाट्याला आली. मराठी प्रतिशब्द सगळ्यांच्या जिभेवर होता, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? टंकलेखक तर रुमालाआड खुसखुसत होता. तिने 'एकलकोंडा' लिहून वेळ मारून नेली.

तासाभरात साहेबांचं बोलावणं आलं.

"एकलकोंडा माणसांपासून लांब राहतो. याला माणसांचा तिटकारा असतो. जमीन-अस्मानाचा फरक आहे. नेमका शब्द का नाही लिहिलात?"

तिने चिठ्ठी परत घ्यायला हात पुढे केला.

"मला वाईट वाटेल म्हणून?"

तिने खाली बघूनच मान डोलावली.

"अहो, बारा वर्षं ऐकतोय तो शब्द. भिंतींना कान असतात, आणि माझी खुर्ची भिंतीलाच टेकलेली आहे." आणि साहेब चक्क हसले. त्यांचा बाजूचा एक दात पडलेला आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. "लिहा, माणूसघाणा."

त्यानंतर ती काही ना काही विचारायला रोज त्यांच्या टेबलापाशी जाऊ लागली. तेही वाट बघत असावेत.

'पी' यायच्या आत साहेब निवृत्त झाले. 'फिलँथ्रोपिस्ट'ला ती पुन्हा अडली. खरं तर तिला निमित्तच हवं होतं. तिने त्यांचं घर गाठलं. दार त्यांच्या थोरल्या बहिणीने उघडलं. साहेब खाटेवर होते, अंगाची पार काडी झालेली.

"अक्षर कुठवर आलं?"

"पी, सर. 'दानशूर' लिहू?"

"दानशूराचा हात सढळ असला की झालं. याचा जीव माणसांत हवा." दम घेऊन ते म्हणाले, "'लोकांवर माया करणारा' लिहा. लांबलचक होतंय, होऊ दे."

कोश छापून आला तेव्हा साहेब नव्हते. पहिली प्रत घेऊन ती त्यांच्या बहिणीकडे गेली. इंग्रजीचा गंध नसलेल्या त्या म्हातारीने दोन पानं उलटली आणि पुस्तक मांडीवर ठेवलं.

"लहानपणी घरी पाहुणा आला ना, की हा त्याच्या चपला लपवायचा. जाऊच द्यायचा नाही कुणाला! एकदा मामाची चप्पल चार दिवसांनी पाण्याच्या पिंपात सापडली."

"साहेब?"

"मग काय! मामा अनवाणी गेला."

दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "आता जेवूनच जा."