झाडाला तिचं नाव

ते झाड विज्ञानाला नवं आहे हे सगळ्यांत आधी तिला कळलं. विद्यापीठाच्या वनस्पती-संग्रहालयात त्याच्या वाळवलेल्या फांद्या भलत्याच जातीच्या गठ्ठ्यात पडून होत्या. तिने भिंग लावलं आणि पानामागच्या तांबूस लवेपाशी ती अडली. पुढची कित्येक वर्षं त्या लवेपायी गेली. नर फुलं एका झाडावर, मादी फुलं दुसऱ्यावर, आणि मादी झाड काही केल्या सापडेना. सापडलं तेही कड्याच्या अगदी टोकाला. फुलं काढायला तीच चढली, कारण तिच्या मार्गदर्शक सरांचे गुडघे दुखत होते. वर्णनही तिनेच लिहिलं. सरांनी स्वल्पविराम हलवले.

तिला हवं होतं ते एवढंच. झाडाच्या शास्त्रीय नावापुढे ते ठेवणाऱ्याचं नाव कायमचं लागतं, तिथे आपलं लागावं.

शोधनिबंध छापायला गेला त्या दिवशी सरांनी विभागात सगळ्यांना चहा पाजला आणि जाहीर केलं, की झाडाला तिचं नाव दिलंय. टाळ्या झाल्या. तिलाही भरून आलं. मग तिने प्रत उघडली. लेखक एकटे सर.

ती विचारायला गेली. सरांनी शांतपणे समजावलं, की नियमात मनाई नसली तरी स्वतःचंच नाव झाडाला ठेवलं तर लोक हसतात. म्हणून तिला लेखकांतून काढावं लागलं. तिच्याच भल्यासाठी.

"मग झाडाला तुमचं नाव ठेवू या की, सर," ती म्हणाली. "लेखक मी एकटी राहीन."

सर हसले. ती हसत नाही हे बघून थांबले.

"आता छपाईला गेलंय गं ते," ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

घरी आईने तोवर गावभर दवंडी पिटली होती. आता तुझ्या डोक्यावर कावळे घरटी बांधणार, असं म्हणून धाकट्या भावाने चिडवून घेतलं. तिने आईला सगळं उलगडून सांगितलं. आईला एवढंच कळलं, की मान दिला तरी कार्टीचं तोंड वाकडंच.

"मी मेले असते ना आई, तरी त्यांनी मला हाच मान दिला असता."

आई दुखावून आत गेली.

सोमवारी सरांनी झाडाचा मूळ नमुना जाड कागदावर शिवायला तिच्याकडेच दिला. तिच्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. पानं न मोडता तिने टाके घातले, कोपऱ्यात चिठ्ठी डकवली आणि तीवर झाडाचं नाव लिहिलं. त्यापुढे, रीतीप्रमाणे, सरांचं.