मूठ वाळेपर्यंत

कुंदाने कॅनव्हासवर काढलेल्या विहिरीला मंगळवारी सकाळी पाणी लागलं. आईने लगेच नारळ फोडला. विहिरीला पाणी लागलं की नारळ फोडायचाच, मग ती रानात असो नाहीतर दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. आप्पांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं, हुंगलं आणि म्हणाले, "हे जवसाचं तेल आहे." लेकीच्या कामात खोट काढल्याशिवाय त्यांना कधी राहवलंच नाही.

खरं तर विहीर काढायची हौस कुणाला असते? पण तैलरंगाच्या वर्गातल्या पोंक्षे बाई सगळ्यांना एकच सांगायच्या, "जे सलतंय ते कॅनव्हासवर उतरवा, मन मोकळं होईल." बाकीच्या बायकांनी सासवा उतरवल्या, एकीने मोडलेलं लग्न उतरवलं, आणि त्या घरी जाऊन गाढ झोपल्या. कुंदाला सलत होता दिगू, तिचा धाकटा भाऊ.

गावाकडच्या विहिरीत आप्पा दिगूला पोहायला शिकवत होते. पोराच्या कमरेला दोर बांधायचा, त्याला आत ढकलायचं, आणि दोराचं टोक काठावरच्या माणसाने धरायचं. तिकडची सगळी पोरं अशीच शिकली. दिगू मात्र रडायला लागला. पलीकडच्या काठावर बसलेले भाऊबंद हसले. आप्पा म्हणाले, "रडतोस? बघ मग," आणि त्यांनी मूठ उघडली. परकरातली कुंदा शेजारीच उभी होती. तिने ती बोटं उघडताना पाहिली. पण मढं घरी येईपर्यंत भाऊबंदांनी 'दोर सुटला' असं ठरवूनही टाकलं, आणि इतकी वर्षं दिगूच्या श्राद्धाला तेच म्हटलं गेलं. सुटला आणि सोडला. म्हटलं तर केवढासा फरक, पण त्याच्यावर हे घर जेवत होतं, झोपत होतं, पाहुण्यांना चहा देत होतं.

दुसऱ्या दिवशी तेलातून दिगूचं डोकं वर आलं. तो तेवढाच होता, नऊ वर्षांचा. कमरेला दोर होता. दोर चित्राच्या वरच्या कडेपर्यंत जाऊन तिथेच संपला होता.

"ताई, दोर कुणाकडं आहे?" त्याने विचारलं.

आता आली का पंचाईत. बोलण्यात माणूस 'सुटला' म्हणतो आणि मोकळा होतो. चित्रात हात काढावा लागतो, आणि हात एकतर मिटलेला असतो नाहीतर उघडा असतो.

"हात कशाला काढतेस?" आई म्हणाली. "नुसता दोर काढ."

"दोर हवेत राहत नाही, आई."

"मग मूठ काढ. ह्यांची मूठ होतीच की आवळलेली."

हे काही खोटं नव्हतं. उघडायच्या आधी मूठ आवळलेलीच होती. दिगूचे हातपाय थकत चालले होते, विचार करायला सवड नव्हती. कुंदाने मूठ काढली. तिने शेवटचं नख रंगवलं आणि खुर्चीत पेपर वाचणाऱ्या आप्पांचा उजवा हात मिटला. दोर चित्रातून बाहेर येऊन त्यांच्या मुठीत गेला आणि ताणला.

बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो. गावाकडून भाऊबंद आले, सगळ्यात पुढे बाळूकाका. त्यांनी आप्पांना शाल पांघरली, नारळ दिला. नारळ डाव्या हातात घ्यावा लागला, तेव्हा तर दोघातिघांचे डोळे भरून आले. "पोराला अजून धरून ठेवलंय," काका म्हणाले. "बाप असावा तर असा." आप्पांना आता उजव्या हाताने जेवता येईना, म्हणून मूठ जिने काढली तिनेच भरवावं असं ठरलं. कुंदा घास द्यायची. आप्पा चावून म्हणायचे, "आमटी अळणी आहे."

"आप्पा, ओढा की वर," दिगू आतून म्हणायचा.

"धरलाय ना? मग गप पड."

ते ओढत नव्हते आणि सोडतही नव्हते. इतका मान मिळत असताना कोण कशाला काही करेल?

भाऊबंद काही परत गेले नाहीत. बसायला जागा व्हावी म्हणून खोलीचे कोपरे आत सरकले, भिंती गोल झाल्या. गोल भिंतीला कपाट लागेना, ते जिन्यात नेऊन ठेवलं. मग पलंग गेला. खिडकी वर वर जाऊन छताला टेकली. सगळे भिंतीला पाठ लावून फरशीवर बसले आणि मध्ये चित्र राहिलं. बाळूकाकांनी टेबलफॅन आणून चित्रातल्या मुठीवर लावला. तैलरंग सावकाश वाळतो, आणि ओला असेपर्यंत त्यात बदल करता येतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. एकदा मूठ वाळली की दिगू कायमचा असाच टांगलेला राहणार होता.

कुंदाने काय नाही केलं. तिने दिगूला काठावर काढलं, अंगावर पंचा दिला, हातात दुधाचा पेला दिला. रंग ओघळून खाली गेला. तिने दिगूला असं कधी पाहिलंच नव्हतं, आणि न पाहिलेलं त्या कॅनव्हासवर टिकत नव्हतं.

"ताई, लई गार लागतंय," दिगू म्हणाला. त्याचे ओठ निळे पडले होते. "ओढणार नसतील तर सोडायला तरी सांग."

कुंदा आप्पांसमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही सोडला होतात," ती म्हणाली. "मी बघितलंय. एकदा तोंडाने म्हणा, मला दुसरं काही नको."

आप्पांनी मूठ वर केली. त्याबरोबर आत दिगू हिसका बसून कळवळला. "कशानं सोडला? ह्या हातानं?"

सगळी खोली हसली. आईसुद्धा पदराआड हसली. कुंदाच्या जिवाचा संताप संताप झाला. असं वाटलं की आता हे बघतील तरी, डोळ्यांनी बघतील, मग कुठं तोंड लपवतात ते पाहू. तिने फॅन बंद केला. सुरी घेऊन मूठ खरवडली. वर साय धरली होती, आत रंग ओला होता. आणि तिने जे पाहिलं होतं तेच काढलं. आधी करंगळी, मग एकेक बोट, मग मोकळा पंजा.

आप्पांची बोटं त्याच क्रमाने उघडली. दोर फरशीवरून सरपटत गेला, चौकटीवरून आत पडला. दिगूने वर पाहिलं. आप्पांकडे नाही, ब्रशकडे.

"ताई," तो म्हणाला. मग तेल त्याच्यावर मिटलं.

"दिसलं ना आता?" कुंदाने विचारलं. तिचा आवाज फाटला होता.

"दिसलं," बाळूकाका म्हणाले.

आप्पा बोटं चोळत होते. "मी तर धरून बसलो होतो," ते म्हणाले. "एवढी माणसं साक्षीला आहेत."

सगळे तिच्या हाताकडे बघत होते. ब्रशला पंजाचा रंग होता.

आई उठली. तिने कुंदाला जवळ घेतलं, इतकं जवळ दिगू गेला त्या दिवसापासून कधी घेतलं नव्हतं. "घाबरू नको गं," ती हळूच म्हणाली. "कुणी काही विचारणार नाही. दोर सुटला."

"सुटला," बाळूकाका म्हणाले.

"सुटला," त्यांच्या शेजारचा म्हणाला, मग त्याच्या शेजारचा. शब्द भिंतीभिंतीने गोल फिरत आप्पांपर्यंत आला. शाल सावरून ते थोडे बाजूला सरकले, आणि मोकळ्या झालेल्या हाताने त्यांनी कुंदाकडे बघत शेजारची फरशी थोपटली.