चातुर्मासातला मोबाइल

काल्हेरच्या खाडीकाठची आमची भातखाचरं गेली, तिथे गोडाउनं उभी राहिली, आणि आमच्या ह्यांना सगळे केसरीशेठ म्हणू लागले. शेठ झाल्यावर मोबाइल आला. खिसा असा लोंबायचा की माणूस एका अंगाला कललेला दिसावा. घरात रेंज मात्र एकाच जागी, मधल्या खोलीच्या खिडकीत. आणि त्या खिडकीखाली गोदूची खाट.

गोदू आमची लेक, बाळंतपणाला आलेली. पहिलं पोटात राहिलं नव्हतं, त्यामुळे ती शिंकली तरी माझा हात देव्हाऱ्याकडे जायचा. एकदा पेपर वाचता वाचता ती म्हणाली, "आई, ह्या मोबाइलच्या लहरींनी अंगातल्या पेशींवर काही परिणाम होतो का, ते परदेशात तपासतायत."

"होतो का?"

"अजून ठरलं नाही. कोणी हो म्हणतं, कोणी नाही."

बाळाच्या पेशी तर अजून घडायच्या होत्या. मी ह्यांना सांगितलं, बोलायचं ते अंगणात जाऊन बोला.

"अंगनात पाऊस हाय," हे म्हणाले. "नारपोलीत कापडाच्या लूमच्या खडखडाटात बायका पोरं वाढवतात. ह्याला तर आवाजपन न्हाय."

"आवाज नाही म्हणूनच भीती."

डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सिद्ध काही झालेलं नाही. पण खाटेपासून लांब ठेवायला काय जातं?" ह्यांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं.

मला भांडता येत नाही. मी नेम धरते. चातुर्मासात जेवताना मौन तर मी नेहमीच पाळते. त्या वर्षी देवापुढे पाणी सोडलं की मोबाइल घरात असेल तोवर बोलणार नाही.

मुळात माझा आवाज हळू. पहिल्या दिवशी ह्यांच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी गोडाउनची चावी सापडेना. हे विचारतायत, मी माळ ओढतेय.

"हिला काय झाला गो?"

"आईचं मौन आहे, बाबा."

"कनाशी?"

"तुमच्या मोबाइलशी."

हे हसले. "बरा झाला. घरात शांतता."

शांतता गोदूच्या डोहाळेजेवणापर्यंत टिकली. आमंत्रणं द्यायची होती आणि आमच्या भावकीत कोणाला आधी सांगायचं हे फक्त मला माहीत. धोंडूबाईला आधी सांगितलं तर राहीबाई रुसते. राहीबाई रुसली की तिच्याकडच्या कोणी ओटी भरायला येत नाहीत. हे माझ्यासमोर बोटांवर नावं मोजत बसले, मग उठून गेले.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातला जुना तारेचा फोन वाजला.

"मी बोलतोय," पलीकडून हे. "तुलशीजवल हाय. मोबाइल घरात न्हाय. आता बोल."

खिडकीतून पाहिलं. धो धो पावसात छत्री धरून केसरीशेठ उभे, कानाला मोबाइल.

"आधी राहीबाई," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोल गो, पावसात ऐकू येत न्हाय."

"राहीबाई. मग धोंडूबाई. आणि छत्री तुळशीवर धरू नका, तिला पाऊस हवाय."

मधल्या खोलीत खाटेवर गोदू पोटावर हात ठेवून हसत होती. तिच्या डोक्यावरची खिडकी मोकळी होती.

"आता आत येऊ?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही या," मी म्हटलं. "तो पडवीत राहू दे."