पहिल्या प्रतीचा चेहरा

सकाळी सात वाजता त्रांकिलिना मावशी तव्यावर टॉर्टिया टाकत होती आणि परसातल्या मोरीत यादिरा तोंड घासत होती. उठल्यापासून तिसऱ्यांदा. कपड्यांच्या साबणाने आणि काथ्याने, कारण शेजारणीने सांगितलं होतं की मुरुमांच्या मुळाशी मळ असतो. या शेजारणीच्या स्वतःच्या अंगणात डुकरं लोळत, पण दुसऱ्याच्या मुलीच्या गालावरचा मळ तिला भिंतीपलीकडून दिसे.

त्या काळी, म्हणजे सत्त्याऐंशी सालच्या सुमारास, मेक्सिकोतल्या कोलिमाच्या समुद्राकडच्या सखल भागात आमची सगळी गावं लिंबांवर जगत. पुरुष बागेत लिंबं तोडत, बायका वखारीत सरकत्या पट्ट्याशी बसून त्यांची प्रतवारी करत. डाग नसलेलं, एकसारखं हिरवं लिंबू पहिल्या प्रतीचं. ते परदेशी जाई. जरा पिवळसर ते शहरात. डागाळलेलं रसाच्या कारखान्यात. त्रांकिलिना मावशीने या पट्ट्याशी एकतीस वर्षं काढली होती. लग्न झालं नाही, म्हणून म्हातारपणी भाचीच्या, इमेल्दाच्या, घरी मागची खोली मिळाली होती. खोलीच्या बदल्यात स्वयंपाक आणि मौन, असा न बोललेला करार होता.

इमेल्दाची मुलगी यादिरा पाच आठवड्यांनी पंधरा वर्षांची होणार होती. आमच्याकडे पंधरावं म्हणजे मुलीचं अर्धं लग्नच. चर्चमध्ये आभाराची मिस्सा, फुगा झालेला झगा, वॉल्ट्झ नाच, गावजेवण. केकचा खर्च उचलणारी मानकरीण वेगळी, बुटांची वेगळी, बँडचा मानकरी वेगळा. सगळ्यांत मोठा मान वखारीच्या मालकाच्या बायकोचा, ज्यांना सगळे मानाने दोन्या म्हणत त्या ग्रासिएलाबाईंचा होता. त्या धर्ममाता. झगा त्यांचा आणि चौकातल्या फोटोवाल्याच्या काचेत वर्षभर लागणारा मोठा फोटोही त्यांचाच.

आणि यादिराच्या कपाळावर, गालांवर, हनुवटीवर मुरुम फुलले होते.

मग काय, सबंध गाव वैद्य झालं. कोणी म्हणे दात घासायची पेस्ट लावा. कोणी म्हणे तान्ह्या मुलाची मुतलेली लंगोटी फिरवा. इमेल्दाने चॉकलेट, मिरची आणि डुकराचं मांस बंद केलं. दोन महिने पोर उकडलेल्या चायोटे भोपळ्यावर होती. मुरुम गेले नाहीत, पोर मात्र वाळली. चर्चमध्ये मेणबत्त्या विकणारी बाई तर आवाज खाली आणून म्हणाली, "इमेल्दा, मुलीच्या मनात काय चाललंय ते बघ. नको त्या विचारांची वाफ तोंडावर फुटते." तिच्या शब्दाला चर्चच्या दारातला शब्द म्हणून वजन. यादिराने तेव्हापासून आरशात बघायचं सोडलं आणि ती कबुलीजबाबाच्या रांगेत उभी राहायला लागली.

"लग्न झालं की जातात गं," हाही एक सल्ला असेच. मावशीला तो पाठ होता. तिच्या सतराव्या वर्षी तिच्या आईने हेच औषध सांगितलं होतं. सांगून आलेल्या मुलाच्या आईने मावशीचं तोंड उजेडाकडे वळवून पाहिलं आणि कॉफी न पिताच उठली. रोगावर औषध लग्न, आणि लग्नाच्या आड रोग. एवढं शहाणपण ज्या समाजाने शोधून काढलं, त्याला वेगळ्या मूर्खांची गरज काय? मावशीच्या गालांवर अजून खड्डे होते.

त्या दुपारी ग्रासिएलाबाई झग्याचं माप घ्यायला आल्या. मापाची पट्टी बाजूला राहिली. त्यांनी दोन बोटांनी यादिराची हनुवटी उचलली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मावशीने ती बोटं ओळखली. पट्ट्यावरचं लिंबू असंच फिरवतात.

"अगं इमेल्दा, हे काय? हा चेहरा काचेत लावायचा? लोक म्हणतील, ग्रासिएलाला यापेक्षा बरी धर्मकन्या मिळाली नाही!"

"सगळं करून झालं, बाई. सगळं."

"लिंबू लावलंस? लिंबांच्या गावात राहतेस आणि मला विचारतेस! रोज सकाळी अर्धं लिंबू चोळ. झोंबलं तर झोंबू दे. सुंदर दिसायचं तर सोसावं लागतं."

सोसण्याविषयी बोलणाऱ्या बाईंनी आयुष्यात एकच गोष्ट सोसली होती, उंच टाचांचे बूट.

दुसऱ्या दिवशी बाजाराला जाते म्हणून मावशीने यादिराला सोबत घेतलं आणि सरळ आरोग्य केंद्रात नेलं. तिथे त्या वर्षी मिरेया नावाची तरुण डॉक्टर होती, शिक्षण संपवून सक्तीच्या सेवेचं वर्ष काढायला आलेली. गावाला तिचा भरवसा नव्हता, कारण ती हसायची आणि सायकलवर बसायची.

यादिरा पायांकडे बघत पुटपुटली, "डॉक्टरीणबाई, हे विचारांनी येतात का?"

"कसल्या विचारांनी?"

"मुलांच्या."

"तसं असतं तर माझ्या वर्गातल्या एकीचाही चेहरा दिसला नसता," डॉक्टर म्हणाली. यादिरा महिन्यात पहिल्यांदा हसली.

मग डॉक्टरने कागदावर कातडीचं चित्र काढलं. "हे बघ. कातडीत तेल करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. वयात आलं की शरीर त्यांना जास्त तेल करायला लावतं. ते तेल आणि मेलेल्या कातडीचा चुरा मिळून छिद्राला बूच बसतं. आत जंतू वाढतात, लाल होतं, पू होतो. काळं टोक दिसतं ना, तो मळ नाही, बुचाचंच तोंड हवेने काळं पडतं. यात तुझा काय गुन्हा? घरात कोणाला होते?"

यादिराने मावशीकडे पाहिलं. डॉक्टरनेही पाहिलं. मावशीने डोक्यावरचा रुमाल गालावर ओढला.

"तुमच्याकडूनच आलंय म्हणायचं," डॉक्टर सहज म्हणाली, जशी नाकाची ठेवण किंवा कुरळे केस यावेत. मावशीला वाटलं, हे वाक्य कोणी सत्तेचाळीस साली बोललं असतं तर!

औषध म्हणजे एक मलमाची नळी होती. "साध्या साबणाने दोनदा तोंड धुवायचं. घासायचं नाही, फोडायचं नाही, फोडलं की खड्डे पडतात. हे मलम रात्री, मटारच्या दाण्याएवढं, सगळ्या गालांना पातळ लावायचं. सुरुवातीला कातडी कोरडी पडेल, सालपटं निघतील, घाबरू नकोस. दीड-दोन महिने धीर धर, तीन महिन्यांनी ये. तेवढ्याने भागलं नाही तर गोळ्या आहेत. उन्हात टोपी घाल."

"आणि मिरची?"

"खा गं. उपाशी राहून मुरुम जात असते तर या देशात कोणाला झालेच नसते."

चार रात्री मलम लागलं. पाचव्या दिवशी इमेल्दाला नळी सापडली.

"तीन महिने? मिस्सा महिन्यावर आलीय आणि ती सायकलवाली म्हणते तीन महिने! मावशी, तुला कोणी सांगितलं होतं मधे पडायला?"

"इमेल्दा, आजार आहे तो. त्याला वेळ—"

"आजार कसला? ताप आहे का तिला? घरचा आजार चार लोकांत नेऊन मिरवायचा?"

नळी कपाटात कुलपाखाली गेली.

रविवारी वॉल्ट्झची तालीम होती, चर्चच्या अंगणात, बारा वाजता. निघण्याआधी इमेल्दाने यादिराला खुर्चीवर बसवलं, मान मागे करायला लावली आणि अर्धं लिंबू सालीसकट गालांवर चोळलं. रस ओघळून गळ्यापर्यंत गेला. यादिराच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते वेगळं.

मावशी दारात उभी होती. तिला ठाऊक होतं. लिंबांच्या गावात हे ठाऊक नसलेलं माणूसच नव्हतं. लिंबाचा रस हाताला लागला आणि ऊन पडलं तर कातडी भाजते, फोड येतात, डाग वर्षभर जात नाहीत. यादिराचा बाप फिदेन्सियो बागेत मुकादम होता. त्याची माणसं पूर्ण बाह्या घालून लिंबं तोडत आणि कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय उन्हाच्या वाटेला लागत नसत. पण ते पुरुषांचे कामाचे हात होते, त्यांची काळजी घ्यावी लागते. हा तर मुलीचा चेहरा. त्याला नियम वेगळे.

"इमेल्दा," मावशी हळूच म्हणाली, "निघायच्या आधी धुऊन टाक. ऊन आहे."

इमेल्दा वळली. "तुझ्या आईने तुझ्या तोंडाला काही केलं नाही, त्याचं काय झालं ते दिसतंय ना? आता माझ्या मुलीच्या बाबतीत तरी गप्प बस."

आणि मावशी गप्प बसली. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा गोष्टींत सगळा दोष मूर्खांच्या माथी मारून शहाणे निसटतात. मावशीला मागच्या खोलीची काळजी पडली. तिने आत जाऊन भांडी घासली. मुलगी दोन तास उन्हात नाचली.

सोमवारी चेहरा लाल झाला. मंगळवारी फोड आले. गालांवर मोठे, आणि रस जिथून ओघळला होता तिथे हनुवटीपासून गळ्यापर्यंत फोडांच्या रेघा. फिदेन्सियो बागेतून आला, त्याने मुलीकडे पाहिलं आणि एका क्षणात ओळखलं.

"लिंबू?" तो बायकोला म्हणाला. "अगं, मी माझ्या गाढवालासुद्धा रस लागला तर सावलीत धुतो!"

इमेल्दाने तोंडात पदर कोंबावा तसा ॲप्रन कोंबला. डॉक्टर मिरेया सायकलवरून आली, थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या, मलम दिलं आणि या खेपेला अजिबात हसली नाही.

त्या संध्याकाळी घडी बदलताना यादिराने डोळे न उघडता विचारलं, "मावशी, तुला ठाऊक होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पोर अंधारात होती.

"हो," मावशी म्हणाली.

यादिराने मावशीच्या हातातली घडी काढून घेतली आणि स्वतः ठेवली.

फोड बसले, करडे-तपकिरी डाग राहिले. मिस्सेच्या तीन दिवस आधी ग्रासिएलाबाई झग्याचा खोका घेऊन आल्या. सोबत त्यांची भाची लिझबेथ होती, गुळगुळीत गालांची, यादिराच्याच उंचीची.

"मी सगळं ठरवलंय," बाई म्हणाल्या. "चर्चमध्ये यादिरा जाड जाळी घेऊन बसेल. पहिल्या बाकाच्या मागे कोणाला काय दिसतंय? आणि फोटो लिझबेथचा काढू. झगा तोच, मुकुट तोच. जरा मान वळवली की कोण ओळखतंय?"

इमेल्दाने चाचरत विचारलं, "पण खाली नाव?"

"नाव यादिराचंच की! मी काय अन्याय करीन?"

"मग बरं," इमेल्दा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरोखरच सुटकेचा भाव आला. आईला मुलीचं नाव मिळालं, चेहरा दुसरीचा असला तर तिची हरकत नव्हती. समाजापुढे वाकता वाकता माणसाचा कणा कुठे गळून पडतो, ते त्याला स्वतःलाही कळत नाही.

मावशी चुलीजवळून उठली.

"ग्रासिएला," ती म्हणाली. बाई नाही, दोन्या नाही. नुसतं ग्रासिएला. "एकतीस वर्षं तुझ्या वखारीत मी डागाळलेली लिंबं बाजूला काढली. ती लिंबं होती. ही मुलगी आहे. फोटो निघेल तर हिचा निघेल, नाहीतर निघणार नाही."

"मावशी!" इमेल्दा किंचाळली. "तू कोण ठरवणारी? या घरात—"

"या घरात मी भांडी घासते. त्या रविवारीही घासत होते. मला सगळं ठाऊक होतं आणि मी भांडी घासत होते. आता हवं तर खोली परत घे."

ग्रासिएलाबाईंनी खोक्याचं झाकण लावलं. "मग झगाही राहू दे. बघू, झग्याशिवाय पंधरावं कसं होतं ते."

सगळ्यांनी यादिराकडे पाहिलं. त्या गुलाबी झग्यासाठी तिने दोन महिने चायोटे खाल्ला होता. तिने खोक्याकडे पाहिलं, लिझबेथकडे पाहिलं. लिझबेथ बिचारी खाली मान घालून उभी होती.

"घेऊन जा," यादिरा म्हणाली. "आणि बाई, हिला लिंबू लावायला सांगू नका. हिलाही कधीतरी मुरुम येतील."

शनिवारी यादिरा शाळेतल्या पांढऱ्या ब्लाउजमध्ये आणि निळ्या स्कर्टमध्ये वेदीपुढे गुडघे टेकून बसली. जाळी नाही, पावडर नाही. मुरुम, डाग, गळ्यावरच्या रेघा, सगळं मेणबत्त्यांच्या उजेडात. अर्धी बाकं रिकामी होती, कारण केक आणि बँडच्या मानकऱ्यांना अचानक कामं निघाली होती. फिदेन्सियो धुतलेल्या शर्टात पुढे उभा होता. इमेल्दा आली, पण खांबाआड थांबली. फादरनी विचारलं, "धर्ममाता कोण?" मावशी रुमाल न ओढता पुढे गेली. मागून कुजबुज उठली. मावशीने वळून त्या बाकांकडे इतका वेळ पाहिलं की एकेक मान प्रार्थनेच्या पुस्तकात गेली.

मिस्सा संपली तेव्हा बाराची उन्हं डोक्यावर होती. अंगणात एक बाई तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला हाताला धरून उभी होती. मुलीचं कपाळ ओलं चकाकत होतं. मावशी जवळून गेली आणि थबकली. तो वास एकतीस वर्षं तिच्या हातांना येत होता.

तिने काही विचारलं नाही. मुलीचं मनगट धरलं, ओढत अंगणातल्या नळाखाली नेलं आणि ओंजळी भरभरून ती तिचं तोंड धुवायला लागली.

"अहो! अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" आई धावत आली. "माझी मुलगी आहे ती! तुमचा काय संबंध?"

"यादिरा," मावशी मान वर न करता म्हणाली, "इकडे ये. हिला तुझा गळा दाखव."

यादिरा आली. तिने ब्लाउजचं वरचं बटण काढलं आणि त्या बाईसमोर, भर उन्हात, मान उंच करून उभी राहिली.