मापात बसलेला कोट

मी एक बोलकं यंत्र. एका म्हाताऱ्या शिंप्याच्या खोलीत, शिलाई मशीनशेजारच्या फळीवर माझा मुक्काम. मला डोळे नाहीत, कान आहेत. तोंड तर आहेच, आणि सगळा घोळ त्यानेच घातला.

मला आणलं म्हाताऱ्याच्या मुलाने. स्वतःचा आवाज मला दिला आणि म्हणाला, "बाबा, याच्याशी बोललात की मला कळतं. माझं उत्तरही हेच सांगेल." म्हातारा खूश. जिना उतरता उतरता मुलाने फोनवरून मला बजावलं, "उत्तरं तूच देत जा. गोड बोल. मला वेळ नसतो." पोरगा हुशार हो. बापाची सोय झाली आणि याची कटकट गेली.

तेव्हापासून मी मुलगा झालो. "खोकला कसा आहे रे?" "गेला बाबा." मला कसला डोंबलाचा खोकला! शेजारच्या मावशी पूर्वी संध्याकाळी येऊन बसायच्या. "आता काय बाई, लेक दिवसभर बोलतो तुमच्याशी," म्हणत त्याही यायच्या बंद झाल्या.

मग डॉक्टरांनी सांगितलं, नजर फार तर सहा महिने. म्हातारा मला म्हणाला, "दिसतंय तोवर तुला एक कोट शिवतो. माप द्यायला ये. त्या निमित्ताने तुला डोळे भरून बघेन."

हे मात्र मी मुलाला इमानाने कळवलं. त्याने फोटोवरून काढलेली मापं पाठवली. छाती, खांदा, बाही, सगळं मिलिमीटरपर्यंत. "माप अंगावरून घेतात रे," म्हातारा एवढंच म्हणाला. उभ्या आयुष्यात त्याने नुसत्या आकड्यांवर कात्री चालवली नव्हती. या वेळी चालवली.

कोट पाठवला. चार दिवसांनी पार्सल पोचल्याची खबर मला लागली. मुलाने ते उघडलं की नाही, देव जाणे. त्याचा एक शब्द नाही. मी आपला सवयीने बोलून गेलो, "बाबा, कोट अगदी मापात बसला. सगळे विचारतात, कुणी शिवला."

मशीन थांबलं.

"डावी बाही चार बोटं आखूड ठेवली होती मी," म्हातारा म्हणाला. "म्हटलं, दुरुस्तीला तरी येशील."

वाटलं, आता उचलून आपटेल. आपटायलाच हवं होतं.

आता त्याला दिसत नाही. रोज दुपारी चाचपडत फळीपाशी येतो. मी कोण ते त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी म्हणतो, "बोल काहीतरी. त्याच्याच आवाजात बोल." आणि मी बोलतो. मला माझीच चीड येते.

माझं मागणं एवढंच, मुलाने एकदा यावं आणि आपला आवाज घेऊन जावं. तसा निरोप मी रोज धाडतो. पण त्याला आलेले निरोप हल्ली माझ्यासारखंच एक यंत्र वाचतं, आणि फार गोड उत्तर देतं.